बोल म्हटल्यावर जय म्हणायचं

रेवा बाळा,

रविवारी इथे इटलीत सेनिओ नदीच्या बांधावर सायकली आडव्या टाकून आपण बसलो होतो तेव्हा मी तुला दुसऱ्या महायुद्धात तिथे लढलेल्या नामदेव जाधवची गोष्ट सांगत होतो, आणि शेवट आला तसं तू मला थांबवलंस. "पण बाबा, गोळ्या चालू होत्या ना, मग तो लपायचं सोडून वर उभा राहून ओरडला कशाला? आणि ओरडायचंच होतं तर या रे चला रे म्हणायचं, मेलेल्या राजाचं नाव कशाला?" मग थोडं थांबून म्हणालीस, "मराठी लोक सगळीकडे असंच ओरडतात ना, गणपतीत पण, गडावर पण." मी तेव्हा म्हणालो की नाव घेतलं की जोश येतो, अंगात बळ येतं. तू मान हलवलीस पण तुला ते पटलं नव्हतं हे मला दिसलं, आणि खरं सांगतो मलाही पटलं नव्हतं. ट्रेनमध्ये लुगोपासून बोलोन्यापर्यंत तेच डोक्यात होतं आणि नंतर चार दिवस तेच. म्हणून आता नीट बसून लिहितोय. मराठीतच लिहितोय, तुला हळू वाचावं लागेल, अडलं तर आईला विचार, पण शेवटपर्यंत वाच.

आधी ती संध्याकाळ परत एकदा, कारण रविवारी मी घाईत सांगितली आणि क्रम चुकवला. या गोष्टीत क्रमच महत्त्वाचा आहे.

९ एप्रिल १९४५. त्या आधीचा सगळा हिवाळा जर्मन आणि इंग्रजांकडची अशी दोन्ही सैन्यं या नदीच्या बांधांवर समोरासमोर अडकून पडलेली. आपण बघितली तशी ती नदी अगदी छोटी, पंधरा फूट रुंद, पाणी चार-पाच फूट, तू पोहून जाशील. अवघड होते ते दोन बाजूचे बांध. तिथे ते तीस-पस्तीस फूट उंच होते, तीन मजली घराएवढे, आणि नदीकडच्या उतारात जर्मनांनी उंदरांसारखी बिळं करून ठेवलेली, खोल खंदक, मशीनगनच्या जागा, आणि अलीकडच्या बांधाच्या नदीकडच्या उतारावर सुरुंग पेरलेले. म्हणजे एक बांध चढायचा, उतरायचा, पाण्यातून जायचं, आणि दुसरा बांध चढताना समोरून, बाजूने, सगळीकडून गोळ्या. दुपारी आधी विमानांनी बाँब टाकले, मग तोफा चालल्या, आणि मग पायदळ निघालं. आपल्या बाजूला आठवी इंडियन डिव्हिजन होती आणि त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण म्हणतात तिला.

नामदेव शिपाई होता. कंपनीचा रनर. म्हणजे निरोप्या गं, कंपनी कमांडरच्या मागे मागे राहायचं आणि त्याने सांगितलेला निरोप पळत जाऊन पोचवायचा. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा, आता त्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात. वय २३. मी त्याला तो म्हणतोय, खरं तर माझ्या आजोबांच्या पिढीचा माणूस, नामदेवराव म्हणायला पाहिजे, पण त्या संध्याकाळी तो २३ वर्षांचा पोरगा होता आणि मला तो तसाच दिसतो.

तो आणि त्याचा कंपनी कमांडर पुढच्या तुकडीच्या थोडे मागे नदीत उतरले. पाण्यातून पलीकडे वर येत होते आणि पाठीमागून, आत्ताच ओलांडलेल्या पूर्वेच्या बांधाच्या नदीकडच्या उतारातून, किमान तीन ठिकाणांहून गोळ्या सुरू झाल्या. कमांडर आणि अजून दोघे जखमी होऊन पडले, आणि बाकीची माणसं गोळ्यांनी सुरुंगांनी मेली. उभा राहिला एकटा नामदेव.

आता बघ त्याने पहिल्यांदा काय केलं. रविवारी मी सरळ ग्रेनेडवर उडी मारली, ती माझी चूक. त्याने आधी एक जखमी माणूस उचलला आणि त्याला घेऊन खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, तो उभा चढ चढून सुरक्षित जागी नेऊन ठेवला. मग परत आला. दुसऱ्याला उचललं आणि त्यालाही तसंच नेलं. दोन्ही वेळा उखळी तोफा आणि मशीनगनचा मारा चालूच होता. इथे थांबला असता तरी त्याचं नाव राहिलं असतं, मला तरी तसं वाटतं.

पण तो तिसऱ्यांदा गेला. या वेळी टॉमीगन घेऊन पहिल्या मशीनगनच्या ठाण्यावर धावला आणि ते बंद पाडलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तर बंदूक टाकून दिली आणि ग्रेनेड घेतले. ग्रेनेडने अजून दोन ठाणी संपवली, मध्ये एकदा ग्रेनेड संपले तर बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडून नवे आणले. आणि मग, त्या बाजूच्या सगळ्या मशीनगन गप्प झाल्यावर, तो बांधाच्या माथ्यावर चढला आणि उघड्यावर उभा राहिला. उखळीचे गोळे पडतच होते. तिथे उभं राहून त्याने मराठ्यांची घोषणा दिली आणि हात हलवून बाकीच्यांना नदीपार बोलावलं.

हे मी रंगवून लिहीत नाहीये. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांच्या फौजेतलं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, देताना त्याच्या शौर्याचं जे अधिकृत वर्णन छापलं त्यात हेच आहे, घोषणा दिल्याचं आणि हात हलवल्याचंसुद्धा. सरकारी कागदात माणसाच्या ओरडण्याची नोंद होते हे मला फार विशेष वाटतं.

तर आता तुझा प्रश्न. घोषणा काय होती? पलटणीची घोषणा आहे "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय". तू हुशार आहेस, तुझ्या लक्षात येईल की यातलं "की" हे मराठी नाही, पलटणीत हिंदुस्तानी चालायची म्हणून ते तसं. ते सोड. पहिला शब्द बघ. बोल. म्हणजे तू बोल. हा शब्द जर्मनांसाठी नाही आणि महाराजांसाठीही नाही, महाराज तर १६८० लाच गेले, त्या संध्याकाळच्या २६५ वर्षं आधी. हा शब्द मागच्या माणसासाठी आहे. पुढचा म्हणतो बोल, शिवाजी महाराज की, आणि तिथे थांबतो. जय त्याने नाही म्हणायचं, जय मागच्यांनी म्हणायचं. ते म्हणेपर्यंत घोषणा अर्धीच आहे.

हीच आपल्याकडची रीत आहे रेवा, आणि तू म्हणतेस ते खरं, सगळीकडे आहे. पण ते नुसतं ओरडणं नाही. गणपतीत कोणीतरी म्हणतं गणपती बाप्पा, आणि बाकीचे मोरया. तोच म्हणतो पुढच्या वर्षी, बाकीचे लवकर या. वारीत म्हणतात बोला पुंडलिक वरदा, आणि सगळी दिंडी म्हणते हरी विठ्ठल. एकट्याने पूर्ण वाक्य म्हणून टाकलं तर चालत नाही, कोणी तसं करतच नाही, आणि केलं तर कसंतरी वाटतं, टाळी वाजवताना एकच हात असल्यासारखं. लहानपणापासून आपण कोणाची तरी अर्धी ओळ ऐकली की उरलेली अर्धी आपोआप म्हणतो. झोपेत सुद्धा म्हणू. तुला आठवतं का, तू पाच वर्षांची असताना इथल्या हॉलमध्ये आपला गणपती होता, त्या वर्षी जेमतेम सात-आठ कुटुंबं होतो, सगळे मूर्ती उचलायच्या गडबडीत, आणि काकांनी गणपती बाप्पा म्हटलं तर कोणीच काही म्हणेना. तू एकटीच कोपऱ्यातून मोरया म्हणालीस. तुला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे शिकवलं असेल, पण बसवून नाही.

माझी एक आठवण सांगतो, हे उत्तर मला त्याच्यावरूनच सुचलं. मी आठवीत असताना शाळेची सहल राजगडला गेली होती, पावसाळ्यात. वर चढताना धुकं आलं, असं की हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. मी आणि दोन पोरं मागे राहिलो होतो, पाय भरून आले होते, आणि वाट नक्की कुठे वळते ते कळेना, एका बाजूला दरी आहे एवढंच माहीत होतं. मला रडू येत होतं पण मित्रांसमोर रडता येत नव्हतं. आणि वरून कुठून तरी सरांचा आवाज आला, छत्रपती शिवाजी महाराज की, आणि आम्ही तिघं जीव खाऊन ओरडलो जय. त्यांना कळलं पोरं खाली आहेत आणि आम्हाला कळलं वाट तिकडे आहे. परत आवाज, परत जय, असं करत करत आम्ही वर पोचलो. त्या दिवशी मला काही जोश बिश आला नव्हता, मी घाबरलेलोच होतो वरपर्यंत. पण मी एकटा नव्हतो, आणि कुठे जायचं ते समजत होतं.

नामदेवने पण तेच केलं असं मला वाटतं. मागच्या बांधाआड त्याच्या पलटणीची माणसं आडवी पडलेली, डोकं वर काढलं तर गोळी, पुढे काय झालं कोणाला माहीत नाही, पुढे गेलेले जिवंत आहेत का मेले ते पण माहीत नाही. आणि माथ्यावरून आपल्यातल्याच एकाचा आवाज येतो, बोल. या आवाजात सगळा निरोप आला, मी जिवंत आहे, मशीनगन गप्प आहेत, मी उघड्यावर उभा राहू शकतोय म्हणजे तुम्हीही येऊ शकता. तो निरोप्याच होता ना. "या रे" म्हटलं असतं तर ते एका शिपायाने दिलेली ऑर्डर झाली असती, तीही मोठ्या लोकांना, कारण कमांडर तर जखमी होऊन पडला होता आणि शिपाई सगळ्यात खालचा. घोषणा कोणीही देऊ शकतो. सुभेदार देऊ शकतो आणि शिपाईपण. आणि ती ऐकल्यावर जय म्हणून जागेवर पडून राहता येत नाही, उठावं लागतं.

बाकीचे उठले, नदी पार केली.

आता राजाचं नावच का. रायगडावर ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला ते तुला माहीत आहे, आजीने शंभर वेळा सांगितलंय. महाराजांच्या मावळ्यांची लढाईतली घोषणा हर हर महादेव होती, स्वतःचं नाव घ्यायला त्यांनी सांगितलं नव्हतं. पलटणीत सांगतात की महाराजांच्या नावाची घोषणा दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरनच्या डोंगरात एका किल्ल्यासाठी लढताना पहिल्यांदा दिली गेली आणि मग ती पलटणीची झाली. मला ते अगदी पटतं. किल्ला म्हटल्यावर आपल्या पोरांच्या तोंडात दुसरं कोणाचं नाव येणार? घरापासून हजारो मैल लांब, अनोळखी डोंगर, पण उभा कडा आणि वर किल्ला हे मात्र ओळखीचं. आणि नावही असं पाहिजे की साताऱ्याचा असो, रत्नागिरीचा असो, नगरचा असो, प्रत्येकाला ते आपल्या घरातलं वाटेल. आईबापाचं नाव ज्याचं त्याचं वेगळं असतं, हे एक नाव सगळ्यांचं.

आणि मी हे पण लपवणार नाही की ती फौज इंग्रजांची होती. १८१८ ला ज्यांनी मराठ्यांचं राज्य घेतलं त्यांचीच. नामदेव लढला तेव्हा आपला देश स्वतंत्र नव्हता, त्याला अजून दोन वर्षं होती. या युद्धात पंचवीस लाख हिंदी माणसं फौजेत होती, सगळी स्वतःहून भरती झालेली, आणि त्यातल्या पुष्कळांनी पगारासाठी नाव घातलं, कारण घरी जमीन थोडी आणि पाऊस त्याहून थोडा. तू मोठी होशील तसं तुला याचा राग येईल, दुसऱ्याच्या युद्धात आपली पोरं का मेली म्हणून. येऊ दे. मलाही येतो. पण त्या बांधावर नामदेवने इंग्लंडच्या राजाचं नाव घेतलं नाही हे पण मला विसरता येत नाही. पदक राजाचं होतं, घोषणा आपली होती.

अजून एक गोष्ट रविवारी राहिली. त्याच दिवशी, याच नदीवर, फुसिन्यानोजवळ अजून एका शिपायाने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. अली हैदर त्याचं नाव, फ्रंटियर फोर्स रायफल्सचा पठाण, कोहाटकडचा. त्याचीही डिव्हिजन तीच, नदी तीच, समोरचे मशीनगनवाले तसेच. आज त्याचं गाव पाकिस्तानात आहे. शाळेत तुझी पाकिस्तानी मैत्रीण आहे ना, तिला हे सांग, तिला माहीत नसेल.

आणि तुझी लीना जर्मन आहे, त्याचं काय, हे तू विचारलं नाहीस पण तू तेव्हा गप्प झाली होतीस ते मी पाहिलं. त्या बिळांमध्ये पण माणसंच होती, तशीच तरुण, आणि नामदेवने त्यांना मारलं. शौर्याची गोष्ट सांगताना लोक हे पटकन ओलांडून जातात. मी तुला ओलांडून जा म्हणणार नाही. मागच्या उन्हाळ्यात आपण ऊम्ब्रियात मोंतोनेला गेलो होतो, तिथलं ते सूर्यघड्याळ आठवतं? ते नाईक यशवंत घाडगेंचं स्मारक, २०२३ मध्ये बसवलेलं. कोकणातले, माणगावकडचे. नामदेवच्याच रेजिमेंटचे, तिसऱ्या बटालियनचे, आणि नऊ महिने आधी, १० जुलै १९४४ ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढले. त्यांच्या हाताखालची सगळी माणसं एका मशीनगनने पाडली, एकटे उरले, एकट्याने ते ठाणं घेतलं, आणि तिथेच स्नायपरच्या गोळ्यांनी गेले. वय २२. घोषणा द्यायला मागे कोणी उरलंच नव्हतं. त्या घड्याळावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, तूच मला वाचून दाखवलं होतंस, तुला लॅटिनचे शब्द लागत होते याचं मला कौतुक वाटलं होतं. इटलीतल्या लोकांनी एका मराठी शिपायासाठी ते वाक्य निवडलं. लीनाला आपण तिथे घेऊन जाऊ शकतो, मला वाटतं तिला तिथे परकं वाटणार नाही.

नामदेव मात्र घरी परत गेला. हवालदार झाला. १९८४ पर्यंत जगला. म्हणजे मी शाळेत असताना तो माणूस महाराष्ट्रात कुठेतरी चहा पीत बसलेला असेल, पेपर वाचत असेल, आणि मला पत्ताच नव्हता. आमच्या पुस्तकात पानिपत होतं, तानाजी होता, बाजीप्रभू होता, पण हा नव्हता. मला त्याचं नाव कळलं ते इथे आल्यावर, ऑफिसातल्या एका इटालियन म्हाताऱ्याकडून, ज्याचं बालपण त्या नदीकाठी गेलं होतं. त्याने मला विचारलं होतं, तुम्ही कुठले, आणि मी महाराष्ट्र म्हटल्यावर तो म्हणाला, मराठा? आणि हात वर करून दाखवला.

येत्या रविवारी फोर्लीला जाऊ या का? तिथे इंडियन आर्मीचं दफनस्थान आहे, आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी वेगळं स्मारक, त्यावर साडेसातशेच्या वर नावं कोरलेली आहेत. शीख, गुरखा, डोगरा, जाट, आणि आपले. तिथे घोषणा नाही द्यायची, शांत जागा आहे, आणि सगळे तिथे आपलेच नाहीत, म्हणजे आपलेच आहेत पण सगळ्यांची घोषणा वेगळी आहे. आडनावं वाचत जाऊ. जाधव, पवार, शिंदे, मोरे, अशी मराठी आडनावं सापडली की तू मोठ्याने वाच, मी ऐकतो. पहिली अर्धी बाजू मी मनात म्हणेन. पुढचं तुला म्हणावंसं वाटलं तर तूही मनातच म्हण.

झेंडूची फुलं इथे या दिवसात मिळतात का ते शनिवारी बाजारात बघून येतो, नाही मिळाली तर पिवळी कुठलीही घेऊ. सायकलच्या मागच्या चाकातली हवा कमी आहे, ती तेवढी भरून ठेव.

तुझा,
बाबा